गाळलेले अकरा ठिपके

ग्रासिएला उरुतिया बाईंनी एकोणतीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवलं, आणि त्यातली शेवटची तीन त्यांना आधीच्या सव्वीस वर्षांएवढी जड गेली. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षपट्ट्यातली सरकारी शाळा. बाईंचे आईवडील तिथल्याच मळ्यांत द्राक्षं तोडायचे. पंचावन्नाव्या वर्षी बाईंनी मनावर घेतलं, की शहरातल्या मोठ्या शाळांत शिकवतात ते डेटा सायन्स आपल्या पोरांनाही आलं पाहिजे. आकडे गोळा कसे करायचे, पारखायचे कसे, त्यांच्याकडून खरं कसं वदवून घ्यायचं.

त्यापायी दर शनिवारी दीड तास गाडी हाकत शिकायला जायचं. निम्म्या वयाच्या मास्तरांशेजारी बसून कॉम्प्युटरला आज्ञा द्यायला शिकायचं, आणि परतताना पेट्रोल पंपाशी गाडी लावून वीस मिनिटं डोळे मिटायचे. एकदा त्या विसाचे दोन तास झाले. पंपवाल्याने काचेवर टकटक करून विचारलं, "बाई, जिवंत आहात ना?"

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

शिकता शिकताच बाईंनी शाळेत तो वर्ग सुरू केला. तिसऱ्या वर्षी शाळा मंडळाने कळवलं, ऑक्टोबरच्या सभेत वर्गाचं काम दाखवा, मग वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवू.

बाईंनी विषय घेतला झोपेचा. वर्गात चौतीस पोरं. रोज सकाळी प्रत्येकाने फोनवर भरायचं, किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो. दोन आठवडे. आता पोरं ती पोरंच. आदल्या वर्षी एकाने चाळीस तास झोपल्याचं लिहिलं होतं, आणि एकीने स्वतःच्या जागी कुत्र्याची झोप भरली होती. म्हणून बाईंनी नियम केला, ज्याची सरासरी चार तासांखाली किंवा बारा तासांवर, त्याने थट्टा केली असं समजून त्याला गाळा. कॉम्प्युटरने मुकाट्याने गाळलं. वर्गाची सरासरी आली सव्वासात तास.

मुख्याध्यापक टली खूश झाले. "पोरं सुखाने झोपतात. मंडळाला हेच ऐकायचंय."

बाईंची एक रीत होती. प्रत्येक पोराचा एक ठिपका असलेला तक्ता भिंतीवर लागला, की प्रत्येकाने पुढे येऊन आपल्या ठिपक्यावर बोट ठेवायचं. पुढे आलेल्यांची बोटं ठेवून झाली, तरी मारिबेल ओचोआ तक्त्यासमोरच उभी.

"मिस, मी नाहीये यात."

"किती भरलं होतंस?"

"तीन तास. साडेनऊ ते साडेबारा."

"मग गाळली गेलीस. थट्टा करू नये आकड्यांशी."

"थट्टा कुठे केली, मिस? आई रात्री साडेबाराला तोडणीला निघते. जाताना आम्हा भावंडांना शेजारच्या दोन्या चुईबाईंकडे सोडते. धाकटा रडतो. साडेतीनला परत डोळा लागतो, साडेपाचला उठायचं. पण फोनवर रकाना एकच होता."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या लहानपणी तोडणी दिवसा व्हायची. हल्ली फळ गार राहावं म्हणून रात्री दिवे लावून तोडतात, हे रोज गाडीतून दिसत होतं, पण रकाना करताना आठवलं नाही.

"अजून कोणाचं असं आहे?" त्यांनी विचारलं.

आधी कोणी हलेना. मग मागून आवाज आला, "हात वर करा रे, झोपलात का?" पोरं हसली, आणि एकेक करत अकरा हात वर आले.

रकाने दोन करून पुन्हा मांडलं. सरासरी साडेसहावर उतरली, आणि ठिपक्यांचे दोन ढीग झाले, एक सातापाशी, दुसरा पाचापाशी.

"ग्रासिएला, सभा चार दिवसांवर आलीय," टली म्हणाले. "मंडळातल्या पाचांपैकी दोघांचे मळे आहेत. जुना तक्ता काय वाईट होता? जरा अपुरा होता इतकंच."

"पोरांनी असं अपुरं आणलं तर मी नापास करते, टली."

"वर्ग गेला तर नापास करायलाही कोणी उरणार नाही."

घरी जाऊन त्यांनी पाय गरम पाण्यात सोडले आणि दोन्ही तक्ते मांडीवर ठेवून बसल्या. सभेला त्यांनी नेला तो नवा.

तो पाहून मंडळातले मळेवाले हागोपियान ताठ झाले. "बाई, तुम्ही बोट आमच्यावर ठेवताय?"

"नाही. स्वतःवर ठेवतेय. रकाना मी एक दिला आणि अकरा पोरं मी पुसली. वर्ग कशाला हवा असं विचारलंत ना, तर याच्यासाठी. ही चूक गणिताच्या बाईला सापडली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला सापडली, कारण तिला तक्त्यात स्वतःला शोधायला शिकवलं होतं."

हागोपियान यांनी पाचापाशीचे ठिपके बोटाने एकेक मोजले. मग तीन विरुद्ध दोन मतांनी वर्ग एक वर्षापुरता राहिला. तिसरं मत त्यांचंच, आणि अटही त्यांनीच घातली. यापुढे काय मोजायचं, त्याला आधी मंडळाच्या कचेरीची परवानगी.

बाहेर मारिबेल थांबली होती. "मिस, जिंकलो का आपण?"

"वर्ष मिळालं. जा घरी, झोप."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी अर्ज केला, झोप पुन्हा मोजायची आहे, दोन रकान्यांनी. परवानगी यायला सात आठवडे लागले. तोवर तोडणी केव्हाच संपली होती. तरी बाईंनी मोजायला लावली. मारिबेलने बोट ठेवलं ते आठावर.

"आता काय उपयोग, मिस?"

"आता तुलना करता येते," बाई म्हणाल्या, आणि जुना तक्ता नव्याशेजारी टाचायला टाचण्या शोधू लागल्या.