विमलाक्कांचं तेल

लग्नघरात शिरल्या की विमलाक्का आधी नवऱ्या मुलीच्या गालावर काळं कापड लावून बघायच्या. ब्लाउजच्या अस्तराचा तळहाताएवढा तुकडा त्यांच्या पिशवीत नेहमी असे. तो गालावरून एकदाच, हलक्या हाताने फिरवायचा आणि खिडकीशी नेऊन उजेडात बघायचा. कापडावर पांढरा कोंडा दिसला की मुलीच्या आईला म्हणायच्या, "चाळीस दिवस दे मला." नाही दिसला तर म्हणायच्या, "हिला मी कशाला? सुम्ने चहा पाज आणि पाठव मला."

सुम्ने म्हणजे उगाच, नुसतंच. मी निपाणीहून लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा इथल्या आमच्या लोकांची मराठी मला अर्धीच कळायची. विमलाक्कांचं बोलणं तर आणखी कमी, कारण त्या भरभर बोलत आणि मध्येच कन्नडमध्ये शिरत. पण त्यांचा हात काय म्हणतो ते लगेच कळायचं. त्यांच्या यजमानांचं शिलाईचं दुकान होतं. दुकानाच्या एका कोपऱ्याला पडदा लावून, आरसा आणि एक खुर्ची ठेवून त्यांनी पार्लर केलं होतं. खुर्चीत बसलं की पलीकडून मशीनचा आवाज यायचा. मी त्या दुकानासाठी घरी बसून हुक-काज करायचे, म्हणून आमची ओळख.

त्या मेकअप करत नसत. मेकअपसाठी चेहरा तयार करून देत. कोरड्या चेहऱ्याच्या मुली तर त्यांच्याकडेच यायच्या. एकदा मी विचारलं, एवढे दिवस कशाला लागतात? तर म्हणाल्या, "तू कापड आधी पाण्यात बुडवून वाळवतेस ना, मग कापतेस? नंतर आटू नये म्हणून. तोंडाचंही तसंच गं. आधी पाणी पाजायचं, मग रंगाचं बघू."

त्यांचे नियम साधे होते. तोंडाला साबण नाही, कढत पाणी नाही, घासणं नाही. कोमट पाण्याने तोंड धुवायचं, पुसायचं नाही, आणि ओलं असतानाच त्यांनी घरी केलेलं बदामाचं तेल चार थेंब लावायचं. "सुकल्यावर लावलंस तर ते दारात उभ्या पाहुण्यासारखं बाहेरच राहतं," असं म्हणायच्या. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही लावायचं नाही. ब्लीचचं नाव काढलं तर "बेडा, नको ते" म्हणून तोंड फिरवायच्या. एका बाईने विचारलं, "अक्का, गोरी होईल ना माझी मुलगी?" त्या म्हणाल्या, "गोरं करायचं खातं देवाकडे. माझ्याकडे मऊ करायचं."

माझ्या पल्लवीचं लग्न माघात ठरलं. ती कडकोळच्या कारखान्यात औषधं भरण्याच्या खात्यात होती. तिथे दिवसभर गार, कोरडी हवा. तिचे गाल थंडीत इतके उलायचे की हसली तरी ओढ बसायची. विमलाक्कांनी कापड फिरवलं, खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ही मलमल आहे. हिच्यावर जोर करायचा नाही. मी देते तेवढंच लाव, दुसरं काही नाही."

मी म्हटलं, "बरं अक्का."

जावई पुण्याकडचे, नोकरीसाठी इथे आलेले. त्यांची आई, वीणाताई, माणूस वाईट नाही, पण सगळं आधी ठरवून टाकायची सवय. लग्नाचा मेकअप त्यांच्याकडून होता. त्यांनी गोकुलम भागातली एक मेकअप करणारी मुलगी ठरवली होती. तीन आठवडे आधी तिने पल्लवीला बसवून एकदा मेकअप करून पाहिला. लावलेला रंग गालावर आणि नाकाच्या बाजूंना खवल्यांसारखा उठला. वीणाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनंदाताई, हे असं स्टेजवर दिसलं तर कसं हो?" त्या मुलीने पर्समधून एक ट्यूब काढून दिली. रोज झोपताना लावायची, वरची मेलेली कातडी निघून जाईल. आणि म्हणाली, यावर दुसरं काही लावू नका.

मी तिलाही म्हटलं, बरं.

आता वाटतं, दोघींपैकी एकीला नाही म्हणायला असं काय लागलं असतं? पण तेव्हा विहीणबाईंना नाही म्हणणं म्हणजे लेकीच्या संसारात आधीच खडा टाकणं, असं वाटलं. आणि विमलाक्कांना नाही म्हणायला तर तोंडच नव्हतं. पल्लवी म्हणाली, "आई, दोन्ही कसं लावायचं?" मी म्हटलं, "सकाळी अक्कांचं, झोपताना त्यांचं. दोन्ही चांगलंच आहे." माझी खरंच तशी समजूत होती. एक चांगलं आणि दुसरं चांगलं मिळून जास्त चांगलं होईल.

लग्नाच्या चार दिवस आधी तिचा डावा गाल लाल झाला. दुसऱ्या दिवशी तो चकाकायला लागला आणि पाणी लागलं तरी चुरचुरायचा. मी तेलही बंद केलं आणि ट्यूबही. कोणाला सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी छत्रात, म्हणजे कार्यालयात, मेकअपवाल्या मुलीने पल्लवीचं तोंड दिव्याकडे वळवलं आणि हात थांबवला. "काय लावलं होतं?" वीणाताई जवळ आल्या. त्यांनी वाकून बघितलं आणि मला विचारलं, "घरचं काही तेलबिल लावत होतात का?"

मी होकाराची मान हलवली. तेल लावत होतेच, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पण ट्यूबचं पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही.

विमलाक्का त्याच वेळी पिशवी घेऊन दारातून आत येत होत्या. वीणाताई म्हणाल्या, "ही असली तेलं मुलीच्या तोंडाला लावतात? जळलाय हो गाल." खोलीत आमच्या आठ-दहा बायका होत्या. सगळ्यांनी विमलाक्कांकडे बघितलं. त्यांनी पल्लवीच्या गालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या बघण्यात राग होता की प्रश्न, ते मला समजलं नाही. मग त्या म्हणाल्या, "माझं तेल." एवढंच. आणि पदर खोचला.

पुढचा तासभर त्यांनी कोणाला बोलू दिलं नाही. मऊ धुतलेली मलमल गार पाण्यात बुडवून गालावर ठेवली, गरम झाली की बदलली. मग ओल्या गालावर साधं क्रीम बोटाच्या टोकाने टेकवलं, चोळलं नाही. मेकअपवाली घाई करायला लागली तेव्हा तिला म्हणाल्या, "स्वल्प थांब. ते आत जाऊ दे. तू घाई केलीस तर सगळं परत वर येणार." वीस मिनिटं सगळ्यांना थांबवलं. नंतर ओल्या स्पंजने, थापून थापून, पातळ रंग लावायला सांगितला. डाव्या गालावर पावडर लावू दिली नाही. रंग बसला. मुहूर्त चुकला नाही. फोटोवाल्याने तेवढे सगळे फोटो उजव्या बाजूने काढले. विमलाक्का मात्र जेवायला थांबल्या नाहीत.

आमच्या लोकांत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. विमलाक्कांच्या तेलाने पल्लवीचं तोंड भाजलं, असं दोन-तीन ठिकाणी माझ्याच समोर बोलणं झालं. मी चहाचे कप गोळा करत राहिले. पुढच्या लग्नसराईत त्यांना कोणी चाळीस दिवस दिले नाहीत. मी काज केलेले ब्लाउज द्यायला जायचे तेव्हा त्या पडद्यामागे कोणाच्या तरी भुवया कोरत असायच्या, नाहीतर नुसत्या बसलेल्या.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस त्या एकट्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ट्यूबचं, झोपताना लावण्याचं, छत्रात गप्प बसण्याचं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छे गं. तेलच ते. त्या खेपेला आमच्या नेहमीच्या दुकानात बदाम नव्हते, दुसरीकडचे घेतले. वास वेगळा येत होता. मला कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात, अक्का?"

"तू का नाही बोललीस?"

मग त्याच हातातला दोरा गुंडाळत म्हणाल्या, "आय्तु, बिडु. झालं ते झालं. पोरगी सुखात आहे ना? बस, कॉफी करते."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा गोंधळ आहे. बदामाचं त्यांनी खरं सांगितलं, की माझं ओझं उतरावं म्हणून रचलं? खरं असेल तर एवढ्या काटेकोर बाईने वेगळ्या वासाचं तेल मलमलीसारख्या गालाला का दिलं? आणि रचलेलं असेल तर माझ्यासाठी स्वतःचं नाव घालवण्याइतकी मी त्यांची कोण होते? हुक-काज करणारी एक बाई. मी पल्लवीला विचारलं. ती म्हणाली, "आई, मला दोन्हींनी आग व्हायची. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

गेल्या थंडीत विमलाक्का गेल्या. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यांच्या तेराव्याला आम्ही बायका पानं वाढत होतो. एकजण म्हणाली, "हात फार चांगला होता बिचारीचा. शेवटी तेवढं तेल चुकलं." दुसरी म्हणाली, "हो ना, हिच्या पल्लवीच्या वेळचं," आणि पुढे हो म्हणून मला कोपराने ढकललं.

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. आवाज मोठा निघाला, मलाच तो ओळखू आला नाही. म्हटलं, "मी दोन्ही लावत होते. अक्कांचं तेल आणि गोकुलमच्या मुलीची ट्यूब. दोघींनी दुसरं काही लावू नको म्हणून सांगितलं होतं. मी कोणालाच कळवलं नाही."

पंगत जेवायची थांबली. विमलाक्कांचे यजमान दाराशी उभे होते, त्यांनीही ऐकलं. ढकलणारी बाई हळूच म्हणाली, "अगं, मग नक्की कशाने झालं ते? तेलाने की ट्यूबने?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "छत्रातल्या त्या खोलीत गप्प बसली, ती मात्र मीच."

मग मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर भात वाढला.