मोठीबायची सोमवारची गोळी

मी लग्न होऊन लोधिवलीला आले तेव्हा माझी मोठी जाऊ माझ्याहून चार बोटं उंच होती. गेली तेव्हा ती माझ्या कपाळाशी लागत होती. सगळं गाव तिला मोठीबाय म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे काढणं हे घरात तिच्या एकटीचं काम. पुढे पुढे तिचा हात फळीला पुरेना, पण आपण कमी झालो हे तिला कबूल नव्हतं. ‘सुमे, फळी वर सरकवली गं कुनीतरी,’ ती म्हणायची. फळी भिंतीत ठोकलेली आहे, असं मी सांगितलं की म्हणायची, ‘मंग जमीन खाली गेली.’ आम्ही त्या जमिनीवर नुकती लादी बसवली होती, म्हणजे ती उलट वरच आली होती. पण तिच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसे.

तिला बसलेली मी फारशी पाहिलीच नाही. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी शाळेत शिकवायला जायचे आणि ती घर, दोन म्हशी आणि भातशेती सांभाळायची. जेवतानासुद्धा ताट हातात धरून उंबऱ्याशी उभी. ‘बसलं का उठवत नाय,’ हे तिचं उत्तर. माझी मुलंही तिनेच वाढवली, तीही बहुतेक उभ्यानेच.

एकदा म्हशीचं पेंडीचं घमेलं उचलताना तिच्या पाठीत कळ आली. चार दिवस तिने बाम चोळला, शेक घेतला, मला शिव्या घातल्या आणि पाचव्या दिवशी मुकाट्याने मिनीडोर रिक्षात बसून माझ्याबरोबर कर्जतला आली. एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला. त्याआधीच्या पावसाळ्यात अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी ती दोन्ही दुखणी एका माळेत ओवली आणि सांगितलं, ‘हाडं ठिसूळ झाली आहेत. आता पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो.’

खुबा म्हटल्यावर मोठीबायचा चेहरा उतरला. आमच्या सासूबाईंचा खुबा मोडला होता. तेव्हा शस्त्रक्रिया करायची कुणाची ऐपत नव्हती, म्हातारीला भूल सोसणार नाही असंही सगळे म्हणत. दोन पावसाळे त्या अंथरुणावर होत्या. पाठीला जखमा झाल्या. उचलताना मी मानेकडून धरायचे, मोठीबाय कमरेकडून. सासूबाई आयुष्यभर तोऱ्यात वावरलेल्या बाई, पण शेवटी शेवटी आमच्याकडे पाहायच्यासुद्धा नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मोठीबायला मरणाची भीती नव्हती. दुसऱ्याने उचलायची वेळ येईल, ह्याची होती.

डॉक्टर दमलेला माणूस होता, बाहेर रांग होती, तरी त्यांनी लपवाछपवी केली नाही. हाडांसाठी एक गोळी आहे, तिने हाड मोडण्याचा धोका कमी होतो, जात नाही. अन्ननलिकेत जळजळ होऊ शकते. फार क्वचित जबड्याचं हाड खराब होतं, म्हणून आधी दात तपासून घ्या. पुष्कळ वर्षं घेतली तर फार क्वचित मांडीचं हाड मोडतं. मी शाळामास्तरीण, एकेक धोका चिठ्ठीमागे लिहून घेत होते. मोठीबायने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘ही गोळी खाऊन मानूस अंथरुनाला खिळतं का?’

‘फार क्वचित.’

‘आनी नाय खाल्ली तर?’

‘ती शक्यता जास्त.’

‘मंग ती क्वचितवाली द्या.’

डॉक्टर हसले. मला मात्र हसू आलं नाही.

आधी दात. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी ती मिशेरी लावायची, त्यामुळे दाताच्या डॉक्टरने तोंड उघडायला सांगताच मान हलवली. दोन दाढा काढाव्या लागल्या, जखम भरेपर्यंत थांबावं लागलं, आणि मिशेरी सुटली. ही शेवटची गोष्ट तिने कुणालाच माफ केली नाही. ‘हाडांसाठी दात दिलं, दातांसाठी मिशेरी दिली. आता काय डोलं देऊ?’ असं म्हणत ती उगाच हातातलं काम आदळायची.

गोळी आठवड्यातून एकदा. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ राहायचं. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही, चहासुद्धा नाही. तिने सोमवार धरला, कारण सोमवारी तिचा उपास असायचाच. आता वाकायचं नाही म्हटल्यावर तिच्या हातून होण्यासारखं कामच उरेना, म्हणून ती ओटीवर खुर्ची टाकून बसू लागली. पाठ सरळ, हात मांडीवर, तोंड बंद. बोललं की भांडण होतं आणि भांडण झालं की आपण पुढे वाकतो, हा तिचा अनुभव.

मोठीबाय बसली, ही गावात बातमीच झाली. पाणी भरायला जाणाऱ्या बायका थबकून बघायच्या. दर सोमवारी, न बोलता, न खाता! त्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं की हिने काहीतरी नेम धरलाय. एकीने मला हळूच विचारलं, ‘मास्तरीनबाय, देव कंचा हाय?’ समोरच्या घरातली लीला तर पुढच्या सोमवारी आपल्या ओटीवर तशीच ताठ बसली. तिचीही कंबर धरायची. दोन-तीन आठवडे आमच्या आळीत समोरासमोर दोन बायका मुक्याने बसलेल्या असत, आणि त्यातल्या एकीनेच गोळी घेतलेली असे.

शेवटी लीलाने एक गोळी मागितली. मोठीबाय कधी कुणाला नाही म्हणायची नाही, ताक असो की बियाणं. पण गोळी तिने पदराआड केली. ‘प्रसाद हाय का वाटायला? तुजी हाडं येगली, माजी येगली. चल डाक्टरकडं.’ आणि तिला कर्जतला घेऊन गेली. लीलाचं जुनं मधुमेहाचं दुखणं होतं, तपासणीत मूत्रपिंडं कमजोर निघाली. ही गोळी तुम्हाला चालायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत येताना लीला हिरमुसली होती आणि मोठीबाय तिची समजूत काढत होती, ‘अगं, खुर्चीवर बसायला काय मनाई नाय तुला.’

मग एका लग्नाच्या धावपळीनंतर थकलेली ती सोमवारी गोळी घेऊन जरा आडवी झाली. छातीत अशी जळजळ उठली की घास गिळता येईना. डॉक्टरांनी गोळी थांबवली. त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने मोबाइलवर सडलेल्या जबड्याचे फोटो पाठवले. मी आधीच वैतागलेली. शाळा, घर, तिच्या फेऱ्या, प्रत्येक दुखण्याला हे औषधामुळे की वयामुळे असा घोर. मी म्हटलं, ‘बाय, पुरे झालं. जे व्हायचं ते होऊ दे.’

ती म्हणाली, ‘जे व्हायचं ते मला होनार नाय, सुमे. मी पडले का तुला होनार. आता मानेकडून बी तूच आनी कमरेकडून बी तूच.’

 तोवर मी समजत होते की मी तिची काळजी वाहते आहे.

डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. वर्षातून एकदा सलाइनमधून औषध, म्हणजे पोटाचा त्रास नाही. पण आधी रक्त तपासायचं, आणि नंतर दोन दिवस ताप येऊ शकतो. ताप आला. अंग ठणकून ती कण्हत पडली आणि मी कपाळावर घड्या ठेवत पुन्हा विचार करत बसले, की हे आपण बरं करतोय की वाईट. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हशीखाली धार काढत होती. पुढच्या वर्षी ताप थोडकाच आला.

अशी काही वर्षं गेल्यावर डॉक्टरांनी पनवेलला हाडांची तपासणी करून आणायला लावली आणि म्हणाले, ‘आता औषधाला थोडी विश्रांती देऊ. फार लांबवलं तर मांडीच्या हाडाचा धोका वाढत जातो. घेतलेल्या औषधाचा असर काही काळ राहील.’ मला वाटलं, सुटलो. पण मोठीबायच घाबरली. जे घ्यायला ती भ्यायली नव्हती, ते सोडायला भ्यायली. घरी येताना चौक गावाला एसटीतून उतरल्यावर तिने माझा हात धरला. असा हात तिने आधी कधी धरला नव्हता. ‘तुला काय वाटतं गं?’ मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात ते मला पटतं. ‘मंग थांबवू,’ ती म्हणाली, आणि मिनीडोर येईपर्यंत माझा हात सोडला नाही.

त्यानंतर ती दोनदा अंगणात पडली. एकदा गुडघा खरचटला, एकदा काहीच नाही. गेल्या वर्षी पावसाळ्यात छातीत कफ होऊन दवाखान्यात नेलं, आणि आठवड्याच्या आत ती गेली. हृदय दमलं होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ज्या दिवशी गेली त्या दिवशीही सकाळी ती स्वतःच्या पायांनी दवाखान्यातल्या मोरीपर्यंत जाऊन आली. तिला कुणी उचललं नाही. उचललं ते शेवटी चौघांनी, आणि त्याला तिची हरकत नसावी.

हे औषधाने झालं का? मला माहीत नाही. हाड मोडलं असतं तर औषधाला बोल लावता आला असता, त्रास झाला असता तर डॉक्टरला. पण जे मोडलंच नाही, ते कशामुळे मोडलं नाही हे कुणाला विचारायचं? कदाचित गोळी नसती तरी ती पडून तशीच उठली असती. एवढ्या फेऱ्या, एवढे घोर, आणि हातात पुरावा म्हणून काही नाही. विचार करून करून मी थकते.

दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत घसरून माझं मनगट मोडलं. प्लास्टर काढताना त्याच डॉक्टरांनी माझी हाडं तपासली आणि तेच सगळं मला सांगितलं, तितक्याच सावकाश. फायदा हा, धोका हा. माझ्यासमोर चिठ्ठी होती आणि मी तिची नुसती घडी घालत, उलगडत होते. ‘घाई नाही,’ ते म्हणाले, ‘घरात मोठ्यांशी बोला आणि सांगा.’

घरी आले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुझं तू ठरव. मुलं फोनवर म्हणाली, डॉक्टर म्हणतील तसं कर. त्यांचं चुकलं नाही. पण मी दार लावून घेतलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठीबायवर भयंकर चिडले. ती गेल्यावर मी रडले होते, पण अशी चिडले नव्हते. तिला तिच्या वेळी हात धरून विचारायला मी तरी होते.