कोरं बोट

माझ्या वडिलांनी मास्तरकीपेक्षा जास्त प्रेमाने काही केलं असेल तर ती इलेक्शन ड्यूटी. मतदान केंद्रात ते पहिल्या टेबलावर बसत आणि यादीतलं नाव मोठ्याने पुकारत. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत. "एरवी कोण पुकारतं गं माणसाचं पूर्ण नाव?" असं म्हणायचे. आणि त्यांच्याच मुलीने त्रेचाळीस वर्षांत एकदाही मत दिलं नव्हतं. कॉलेज पुण्यात, नोकरी मुंबईत, मग इकडे इंग्लंडमध्ये, रीडिंगला. यादीत नाव कुठेच नाही. दर निवडणुकीला नागपूरहून बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा, "बोट दाखव." मी हसून विषय बदलायची. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. त्यांच्या देखत एकदा तरी मत द्यावं, असं फार वाटायचं, पण लाजेपोटी कुणाला बोलले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात लेकीने ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, हिस्टरी कोर्सवर्कला भलताच विषय निवडला. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका राज्यात झालेली गव्हर्नरची निवडणूक. दोन महिने त्यातला एक उमेदवार आमच्या किचनमध्ये पोळ्यांच्या डब्याशेजारी मुक्कामाला होता. रेल्वे कंपन्यांशी कसा भांडला, नॉर्वेहून, जर्मनीहून आलेल्यांसाठी त्यांच्या भाषेत पत्रकं कशी छापली, सगळं मला तोंडपाठ झालं. त्याच्या विरोधकाच्या मिशा मला फोटोतच आवडल्या नव्हत्या.

"आई, हे ऐक ना," लेक एकदा म्हणाली, "नुकतेच आलेले लोक पण व्होट करायचे. सिटिझन नव्हते, तरी. फक्त लिहून द्यायचं की आम्हाला व्हायचंय. बट बायकांना नाही. तिथेच बॉर्न झालेल्या, तरी नाही."

"शहाणेच होते," मी कणीक मळत म्हणाले.

"तू का नाही करत व्होट?"

"आपण व्हिसावर आहोत, राणी. आपला काय संबंध?"

तिने फोनमध्ये बघितलं आणि डोळे मोठे केले. "कॉमनवेल्थ सिटिझन्स कॅन व्होट! इंडियन पासपोर्ट चालतो. सीरियसली, तुला माहीत नव्हतं?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! दरवर्षी कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, फॉर्म यायचा, घरात मतदार कोण कोण म्हणून. आणि मी दरवर्षी 'कोणी नाही' असं कळवून, दोनदा तपासून, वेळेआधी परत पाठवायची. व्हिसावरच्या माणसाला चुकीच्या खुणेची इतकी भीती असते, की हक्काचं काही असेल हे डोक्यातच येत नाही. स्वतःचा असा संताप आला की त्या कणकेच्या पोळ्या वातड झाल्या.

लगेच दोघांची नावं यादीत घातली, आणि मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक आली. नवऱ्याने पोस्टल व्होट मागवलं. मला मात्र जायचंच होतं. चर्चच्या हॉलमध्ये टेबलामागे एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट पाहिला, यादीवर पट्टी ठेवली आणि पुकारलं. माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. लग्नानंतर मी नाव बदललं नव्हतं. बाई प्रत्येक अक्षराला ठेचकाळत होत्या, पण आवाज मोठा होता. मला चक्क रडू आलं.

दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली केली, कागद पेटीत टाकला आणि परत जाऊन डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बाईंना वाटलं, कापलंय. "बँड-एड हवंय का?" त्यांनी विचारलं.

बाहेर पार्किंगमध्ये येऊन नागपूरला फोन लावला.

"बोट दाखव," बाबा म्हणाले.

मी कोरं बोट दाखवलं. "इथे शाई लावत नाहीत, बाबा. पण नाव पुकारलं. तुमच्या नावासकट."

त्यांनी फोन कानाशी नेला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात म्हणाले, "कसं पुकारलं, म्हणून दाखव."

मी बाईंसारखंच ठेचकाळत म्हणून दाखवलं. बाबा खो खो हसले. मग त्यांनी घसा साफ केला, फोन तोंडाजवळ आणला आणि माझं पूर्ण नाव पुकारलं, खणखणीत. पार्किंगमधला एक माणूस कुत्र्यासकट वळून बघायला लागला.

मी कोरं बोट वर केलं आणि म्हणाले, "हजर."