विषय सोडून

सांस्कृतिक मानववंशशास्त्राच्या पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला आपापल्या घरचा नात्यांचा तक्ता काढायला लावला. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, आणि माणूस गेलेलं असेल तर त्यावर तिरकी रेघ. माहिती घरच्यांची मुलाखत रेकॉर्ड करून मिळवायची होती. मी परदेशात, एडिसनमधल्या भाड्याच्या खोलीतून नागपूरला आईला फोन लावला.

आत्याच्या नणंदेला तू काय म्हणतेस, एवढंच विचारलं. आईने उत्तर दिलं आणि लगेच त्या नणंदेच्या लोणच्याला बुरशी कशी लागली यात शिरली. माझा जीव मेटाकुटीला आला. पाच मिनिटांचं बोलणं टाइप करायला अर्धा तास लागतो, हे मला नुकतंच कळलं होतं. म्हणून मी शक्कल लढवली. आई भरकटली की रेकॉर्डर पॉज करायचा, नुसतं हं हं करत पुढचा प्रश्न शोधायचा, आणि गाडी रुळावर आली की पुन्हा सुरू. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूष होते.

"मावशीच्या लग्नात काय झालं सांगू? ऐन मुहूर्ताला नवरदेवच गायब!" आई हसत सुटली.

"आई, ते नंतर. मावशीच्या सासूला तुम्ही काय म्हणायचा?"

"बरं बाई, नंतर."

तक्त्याला ए ग्रेड मिळाली. मागच्या वर्षी आई गेली. तिच्या गोलावर रेघ मारायला मला अजून जमलेलं नाही. तिचा आवाज ऐकावासा वाटला की मी ते रेकॉर्डिंग लावते. त्यात सगळी नाती आहेत, अगदी विषयाला धरून. लोणचं नाही. मला लोणचं हवंय.

आता पीएचडीच्या मुलाखती रेकॉर्ड करायला मी जवळच्याच आयसेलिनच्या एका काकूंकडे जाते. परवा त्या मेथी निवडता निवडता थबकल्या. "मी भलतंच सांगत बसले का गं? स्टॉप कर ते हवं तर."

"नाही काकू, बोला तुम्ही," म्हटलं, आणि का कोण जाणे, त्यांना त्या लग्नाचं सांगून टाकलं.

"मग? कुठे सापडला नवरदेव?"

"देवळामागे झोपला होता म्हणे. नंतर फोन करून मावशीलाच विचारलं." मावशीने ते एका वाक्यात सांगून संपवलं होतं.

"आणि आई कसं सांगायची?"

मी आईसारखा हात उडवला. तिच्यासारखीच हसत म्हणाले, "ऐन मुहूर्ताला नवरदेवच गायब!" काकू हातातली जुडी तशीच धरून पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं मला येत नव्हतं.