उणे नऊ तास

शारजात आमचा सात-आठ मराठी कुटुंबांचा ग्रुप होता. शुक्रवारी कुणाकडे तरी जेवायला जमलो की ऑफिसचे किस्से निघायचे. कुणी बँकेतला, कुणी कन्स्ट्रक्शनमधला. माझे किस्से घोड्यांच्या लघवीचे असायचे, त्यामुळे माझा नंबर सगळ्यांची जेवणं झाल्यावर लागायचा. तरी वर्षागणिक ते साठतच गेले.

मी मिरजेची, एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. लग्न होऊन नव्वदच्या दशकात शारजात आले आणि शर्यतीच्या घोड्यांची ड्रग टेस्टिंग करणाऱ्या एका लॅबमध्ये लागले. आमचे बॉस डॉक्टर उस्मान, सुदानी व्हेट म्हणजे जनावरांचे डॉक्टर, शांत माणूस.

पहिल्या दिवशी त्यांनी काम सांगितलं. दुखण्यावरचं एक औषध दिल्यावर ते घोड्याच्या अंगातून किती तासांनी पूर्ण जातं, हे शोधायचं. मी उत्साहानं विचारलं, "सर, घोडे किती?"

"सहा."

"सहाशे?"

"सहा," ते म्हणाले. "सातवा मागितला होता. मालक म्हणाले, तो धावतो."

*

सॅम्पल गोळा करायचं काम गुल खानचं. पेशावरकडचा, पन्नाशीचा, उंचापुरा माणूस. घोड्यापुढं उभं राहून तो हळू शीळ घालायचा, की घोडा लघवी करायचा. पुस्तकात हे कुठंच नव्हतं, पण त्यावाचून आमचं एकही सॅम्पल मिळालं नसतं.

एकदा एक घोडा अडून बसला. गुल खान तासभर शीळ घालतोय, आमचा टेक्निशियन थॉमस बाटली धरून उभा. घोडा ढिम्म. शेवटी थॉमसनं बाटली माझ्या हातात दिली, "एक मिनिट, मॅडम," म्हणाला आणि पळाला.

गुल खाननं शीळ थांबवली. शांतपणे म्हणाला, "चलो, किसी पे तो असर हुआ."

*

सहा घोड्यांचे आकडे आले. पाचांचं औषध साधारण दिवसभरात गेलं. सहावी शम्सा नावाची म्हातारी घोडी, तिला जवळजवळ सहा दिवस लागले. मी कॉलेजात शिकलेलं सूत्र लावलं, सरासरी काढली, खरी सरासरी ज्यांच्या दरम्यान असेल त्या खालच्या-वरच्या मर्यादा काढल्या आणि रिपोर्ट सरांच्या टेबलावर ठेवून घरी गेले.

सकाळी त्यांनी बोलावलं. चष्मा कपाळावर, बोट खालच्या मर्यादेवर. तिथं छापलं होतं: उणे नऊ तास.

"सुनंदा, म्हणजे औषध द्यायच्या नऊ तास आधीच ते निघून गेलं?"

नोकरी गेलीच असं वाटलं. सहाच आकडे, त्यातला एक भलताच लांब, आणि मी सरळ सूत्र लावून मोकळी झाले होते. आकड्यांचे लॉगरिदम घेऊन दिवसभर पुन्हा गणित केलं. खालची मर्यादा तेरा तासांवर आली. मी कागद नेऊन दिला.

सरांनी तो बघितला, चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "अल्हम्दुलिल्ला. आता औषध आधी दिलं जाणार, मग निघून जाणार."

*

थॉमसचं म्हणणं, शम्साला काढून टाकू. "मॅडम, पाच घोडे एक बोलतात, ती एकटी वेगळं बोलते. मशीनची चूक असेल." मशीन दोनदा तपासलं, ठीक होतं. मी तबेल्यात गेले आणि गुल खानला विचारलं, हिच्यात वेगळं काय आहे?

तो हसला. "ये तो अपना बिस्तर खाती है, मॅडम. गीला घास भी."

म्हणजे जे औषध लघवीतून बाहेर जात होतं, तेच ओल्या गवतातून परत तिच्या पोटात. चूक मशीनची नव्हती आणि शम्साचीही नव्हती. घोडे असंही करतात, एवढंच. ती यादीत राहिली. पण ती राहिल्यामुळं पुढच्या कुठल्याही एका घोड्यासाठीची वरची मर्यादा पार दहा दिवसांपर्यंत गेली. तिला काढलं असतं तर दीड दिवसात काम भागत होतं.

एका मोठ्या तबेल्याचा मॅनेजर त्यावर वैतागून आला. "हबीबी, मला एकच आकडा सांगा. शर्यतीच्या किती दिवस आधी औषध बंद करू?"

मी म्हटलं, "बहुतेक घोड्यांना दोन-तीन दिवस पुरतील, पण एखाद्याला दहासुद्धा लागू शकतात. सहा घोड्यांवरून याहून नक्की सांगता येत नाही."

त्यानं सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "आपण इन्शाल्ला म्हणतो ना? ही तेच आकड्यांत म्हणते."

*

पुढच्या सीझनला सय्यदभाईंची केस आली. हैदराबादी, छोटे ट्रेनर, पाच-सहा घोडे सांभाळायचे. औषध त्यांनी उघडपणे, वहीत लिहून दिलं होतं, आणि पाचव्या दिवशी शर्यतीनंतर घोडा पॉझिटिव्ह आला. चौकशी समितीला वाटलं, शर्यतीच्या तोंडावर त्यांनी चोरून परत डोस दिला. लायसन्स जायची वेळ.

मला रिपोर्ट घेऊन बोलावलं. थंडगार खोली, लांब टेबल, सय्यदभाई कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसलेले. एका मेंबरनं विचारलं, "पाच दिवस औषध राहिलेला एक तरी घोडा तुम्ही पाहिलाय?"

"एक पाहिलाय."

"सहांपैकी एकच?"

"हो. आणि म्हणूनच, परत डोस दिलाच होता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. दिला नव्हता, असंही सांगू शकत नाही."

मग समितीनं घोड्याचं बिछान्याचं गवत बघायला माणूस पाठवला. बिछाना अर्धा खाल्लेला निघाला. शर्यतीचा निकाल रद्द झाला, पण सय्यदभाईंचं लायसन्स राहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी पार्किंगमध्ये गाडीला टेकून घरी फोन लावला.

*

आणि हा किस्सा गुल खानचा.

व्हिसा रिन्यू करायचा म्हणजे मेडिकल आलं. त्याच्या छातीच्या एक्सरेत डाग दिसला. टीबीचा संशय, आणि तसं ठरलं तर खलास, माणसाला देशाबाहेर पाठवत. एकवीस वर्षं तो इथं होता, गावी तीन मुलींची शिक्षणं चालू होती. दुसऱ्या दिवशी त्याला परत बोलावलं. थॉमसनं आपल्या सनी गाडीतून त्याला नेलं, मीही गेले. आम्हाला आत सोडलं नाही. गाडीत एसी लावून आम्ही दोघं बसलो. थॉमस जपमाळ ओढत होता. मी डबा उघडून परत बंद केला.

आत काय झालं ते नंतर तिथल्या मल्याळी नर्सनं थॉमसला सांगितलं. डॉक्टर कागद भरायला लागले तेव्हा गुल खाननं विचारलं, "डॉक्टर साब, फोटो कितने लिये?"

"एक."

"एक पे फैसला? हमारी मॅडम तो छे घोडों पे भी नहीं करती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कोण मॅडम, कसले घोडे, असं त्यांनी विचारलं, आणि गुल खाननं त्यांना शांतपणे सगळं समजावून सांगितलं म्हणे. मग त्यांनी आणखी दोन एक्सरे काढायला लावले आणि थुंकीही तपासायला पाठवली. दोन्ही एक्सरे साफ आले. चार दिवसांनी थुंकीचा रिपोर्टही साफ आला.

त्या चौथ्या दिवशीही आम्ही बाहेर गाडीतच होतो. गुल खान कागद घेऊन उन्हातून सावकाश चालत आला, मागचं दार उघडून बसला. आम्ही दोघं मागं वळून त्याच्याकडं बघत राहिलो. त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"यल्ला, चलो, थॉमस," तो म्हणाला. "घोडे भूखे होंगे."