चार अठ्ठावीस एक्केचाळीस

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. म्हणजे — गोष्ट सगळ्यांना सांगितली आहे, शंभरदा सांगितली आहे, पण दरवेळी तिच्यातला एक तुकडा गाळून. तुकडा मोठा नाही. सात-आठ सेकंदांचा असेल. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच जमेल.

आमच्या घरात टीव्हीच्या वर एक फ्रेम लावलेली आहे. बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनचं प्रमाणपत्र. त्यावर माझं नाव, सुनंदा, आणि खाली वेळ — चार तास, अठ्ठावीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. धावणारे लोक याला पीबी म्हणतात. आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ. पाहुणे आले की नवरा आधी ती फ्रेम दाखवतो, मग पाणी विचारतो.

मी बिडकीनजवळच्या एका खेड्यातली. चार बहिणींत शेवटची. शाळेत कधी पहिली नाही, दुसरी नाही. लग्न होऊन पडेगावला आले, वाळूजच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले, पुढं सुपरवायझर झाले. चाळिशीला टेकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, शुगर काठावर आहे, चाला. म्हणून छावणीच्या मैदानावर चालायला जायला लागले. तिथं शहनाज आपा भेटल्या.

आपा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. उर्दू प्राथमिक शाळेत बाई. सलवार, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि पायात भावाचे जुने बूट. मी पाच फेऱ्या चालायचे तोवर त्यांच्या बारा धावून व्हायच्या. एक दिवस माझ्याजवळून जाताना वेग कमी केला आणि म्हणाल्या, “चलती कैकू है? भाग ना.” मी म्हटलं, मला नाय जमणार. त्यांनी माझा हात धरला आणि पुढच्या खांबापर्यंत पळवलं. मग त्याच्या पुढच्या खांबापर्यंत. दोन वर्षांनी मी दौलताबादच्या रस्त्यानं वीस-वीस किलोमीटर पळत होते. हे सगळं त्यांनी केलं — हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आम्ही दोघींनी बाहेरगावी तीन मॅरेथॉन केल्या. पहिलीत मला चार बावन्न लागले, दुसरीत चार एक्केचाळीस. तिसरीत तिसाव्या किलोमीटरला मला उलट्या सुरू झाल्या. आपा त्या दिवशी साडेचारच्या आत आरामात आल्या असत्या. पण थांबल्या. फूटपाथवर बसून माझी पाठ चोळली, तोंड धुवून दिलं, मीठ-साखर पाजली. मी रडत म्हटलं, आपा, तुमची वेळ गेली. तर म्हणाल्या, “टाइम कहां भाग के जाता?” आणि मला हळूहळू चालवत शेवटपर्यंत नेलं.

ऐकलंत ना? त्या थांबल्या होत्या.

मला साडेचार तासांच्या आत यायचं होतं. का — विचारू नका. बक्षीस नव्हतं. पहिला नंबर माझ्यापासून दीड तास पुढं असतो. पण तो आकडा डोक्यात बसला. कामावर गोळ्यांची पाकिटं मोजताना, भाकरी थापताना, आंघोळ करताना — साडेचार. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट हवी होती, जी मागून मिळत नव्हती, कुणाच्या परवानगीनं मिळत नव्हती, फक्त पायांनी मिळत होती. ही भूक तुम्हाला कधी लागली आहे का? मला ती उशिरा लागली, आणि लई लागली.

चौथी मॅरेथॉन आमच्याच शहरात होती. आमच्याच रस्त्यावर. छावणीतून निघायचं, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादच्या किल्ल्याच्या अलीकडून वळायचं, परत यायचं, आणि हेच पुन्हा एकदा. आपा म्हणाल्या, दोघी मिळून साडेचारच्या आत येऊ. मी म्हटलं, दोघी मिळून.

थंडी चांगली होती. अंधारात निघालो. आपा डावीकडं, मी उजवीकडं, नेहमीसारख्या. एक अक्षर बोलायचं नाही, हे ठरलेलं. दुसऱ्यांदा किल्ल्याकडून वळलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, पण पाय ठीक होते. शरणापूरचा उतार लागला. चौतिसावा किलोमीटर. घड्याळात तीन तास सदतीस मिनिटं. हिशेब मला पाठ होता — याच वेगानं गेलो तर साडेचारला टेकून आत. हाताशी एक मिनिटही जास्तीचं नव्हतं.

आणि आपांची पावलं ऐकू येईनाशी झाली.

नाही, असं सांगायला नको. असं सांगितलं की वाटतं मला कळलंच नाही. कळलं. आधी त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज आला, पोटरीत गोळा आल्यावर येतो तसा. मग हाक आली. “सुनंदा, ठैर ना.” मी तीन-चार पावलं पुढं होते. मग दुसरी हाक, मोठ्यानं — नुसतं “सुनंदा!”

मी ऐकलं. दोन्ही वेळा. त्या उतारावर दुसरा आवाज नव्हता. बाजूला ज्वारीची रानं, पाण्याचं एक टेबल, आणि पुढं-मागं लांबवर दोन-चार धावणारे. सगळं स्वच्छ ऐकलं. घड्याळाकडं पाहिलं. मागं पाहिलं नाही. आणि वेग — वाढवला. कारण तिसरी हाक आली असती तर कदाचित थांबावं लागलं असतं.

हा तो तुकडा.

आता याच्यापेक्षा अवघड गोष्ट सांगते. तुम्हाला वाटेल, पुढचे आठ किलोमीटर माझं मन मला खात राहिलं असेल. तसं काही झालं नाही. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे आठ किलोमीटर होते. पाय माझे नव्हतेच जणू, कुणी नवीन आणून लावले होते. मिटमिट्याला शाळेच्या पोरी ढोल-ताशे वाजवत होत्या. त्यांनी माझ्या छातीवरचं नाव वाचून घोष धरला. एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे होते, ते म्हणाले, “चल गं माय, आलंच आता!” पडेगावला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया मोसंबीच्या फोडी घेऊन उभ्या — काकू, वहिनी, समोरची ब्युटी पार्लरवाली — आणि सगळ्या माझं नाव घेऊन ओरडत होत्या. माझी पोरगी कडेकडेनं माझ्याबरोबर पळाली, धाप लागून थांबली, आणि मागून किंचाळली, “आई, तू जिंकतीयेस!” त्या आठ किलोमीटरमध्ये ज्यानं ज्यानं मला हाक मारली, त्याची त्याची हाक मला ऐकू आली.

शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा वरच्या पाटीवर चार अठ्ठावीस होते. मी गुडघ्यांवर बसले आणि मोठ्यानं हसले. रडले नाही, हसले. नवऱ्यानं उचलून उभं केलं. पदक गळ्यात पडलं. बेचाळीस वर्षांची मी, आणि पहिल्यांदा काहीतरी संपूर्ण माझं झालं होतं.

आपा बेचाळीस मिनिटांनी आल्या. लंगडत, एक हात मांडीवर दाबून. सगळं अंतर पायी तोडलं होतं, थकलेल्यांना उचलणाऱ्या गाडीत बसल्या नव्हत्या. मला पाहिलं आणि पहिला प्रश्न हा — “हुआ क्या, साडेचार के अंदर?” मी मान हलवली. त्यांनी मला मिठी मारली. खरी मिठी. घामानं ओल्या होत्या. मग कानाशी म्हणाल्या, “मैं आवाज दी थी तेरे कू. बाजे में सुनाई नै दी होंगी.”

बाजा मिटमिट्याला होता. शरणापूरपासून चांगला दोन-तीन किलोमीटर. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा आपांना पाठ होता. त्यांना खरंच तसं वाटलं, की त्यांनी मला सुटायला जागा करून दिली? मला आजही ठाऊक नाही. मी त्या जागेत जाऊन बसले. म्हटलं, “नाही हो आपा, ऐकूच नाही आलं.”

इथं तरी थांबायचं. पण थांबले नाही मी.

पंधरा दिवसांनी कारखान्यात माझा सत्कार ठेवला. कँटीनमध्ये टेबलं सरकवून खुर्च्या मांडल्या, शाल, श्रीफळ, सगळं. आपांना मीच बोलावलं होतं. शाळा सुटल्यावर जांभळा ड्रेस घालून आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. मी दोन शब्द बोलले. मग आमच्या लाइनवरच्या वैशालीनं सहज विचारलं, “ताई, तुम्ही दोघी तर कायम सोबत असता. मग या मॅडम मागं कशा राहिल्या?”

शंभर-सव्वाशे माणसं माझ्याकडं बघत होती. ‘ऐकू आलं नाही’ हे तिथं फार फिकं वाटलं असतं. मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, “आपांचा पाय धरला. मी थांबत होते. आपाच म्हणाल्या, माझ्यासाठी थांबू नको, तू जा पुढं.”

टाळ्यांनी कँटीन दणाणलं. साहेब म्हणाले, अशी मैत्रीण पाहिजे, मॅडम, उभ्या राहा. आपा उभ्या राहिल्या. हात कपाळाशी नेऊन सगळ्यांना सलाम केला. बसताना माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेतल्या बाई कॉपी केलेल्या वहीकडं बघतात ना, तसं. जिला हाकच ऐकू आली नव्हती, तिला हे कुठून ऐकू आलं — हे त्यांना तिथं, त्या खुर्चीत, कळलं. कळलं हे मलाही कळलं. आणि त्या टाळ्या वाजवत राहिल्या.

येताना माझ्या स्कूटीवर मागं बसून आपांनी माझ्या पोरीच्या परीक्षेचं विचारलं. बाकी काही नाही. रविवारी पहाटे साडेपाचला नगर नाक्यावर उभ्या होत्या, नेहमीसारख्या.

पुढच्या वर्षी तीच शर्यत, तोच रस्ता. आपा त्रेपन्नच्या. तिसऱ्या किलोमीटरला — आम्ही कधीच बोलायचो नाही — त्या बोलल्या. “मैं निकलूं?” विचारलं मला! मी म्हटलं, “निघा आपा.” आणि त्या निघाल्या. काय सांगू तुम्हाला. स्कार्फचं टोक मागं उडत होतं, खांदे सैल, पावलाचा आवाज नाही. पुढं किल्ल्याकडून परत येताना त्या मला समोरून दिसल्या, प्रत्येक वेळी आणखी लांब गेलेल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांनी हात वर केला. मिटमिट्याला त्यांच्या शाळेच्या मुली आल्या होत्या, “बाजी! बाजी!” म्हणून — त्यांच्या शाळेत बाईंना असंच म्हणतात — आभाळ फाडत होत्या. तेव्हा मला समजलं की ही बाई तीन-चार वर्षं माझ्या शेजारी राहण्यासाठी हळू धावत होती. जोरात धावणं तिला येत होतंच. तिनं ते बाजूला ठेवलं होतं.

आपांनी चार तास एकोणीस मिनिटांत शर्यत संपवली. त्यांच्या वयोगटात सगळ्या बायकांत पहिल्या. नंतर व्यासपीठावर चढताना मुलींनी त्यांना उचललंच.

मला चार तेहतीस लागले. पोहोचले तेव्हा आपा गळ्यात पदक घालून कमानीशी उभ्या होत्या. माझ्याच्यानं वाकवत नव्हतं. त्यांनी खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मी तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांचं डोकं माझ्या हाताखाली, चेहरा दिसत नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. आणि म्हटलं, “पाणी आहे का?”

त्याला आता सहा वर्षं झाली. आपा निवृत्त झाल्या, तरी रविवारी येतात. पहिले पाच किलोमीटर माझ्याबरोबर, मग विचारून पुढं जातात. माझी ती वेळ मला पुन्हा गाठता आलेली नाही, आणि आता गुडघा पाहता येणारही नाही. मागं पोरीच्या कॉलेजात मला बोलवलं होतं. एका मुलीनं विचारलं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता? मी म्हटलं, चार अठ्ठावीसचा. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी मला हाक ऐकू आली, मी थांबले नाही, आणि मी लई खूश होते.