तुलनेची जमीन

लालबागला माझं मिरची-मसाल्याचं दुकान आहे. ते मी कोणाच्याही मदतीशिवाय उभं केलं, हे ऐकवल्याखेरीज मी गिऱ्हाइकाला भाव कमी करत नाही. गावची जमीन वाटली तेव्हा मोठ्या भावाने चांगला तुकडा स्वतःकडे ठेवला आणि शेजारचा रद्दड मला दिला, हेही मी ज्याला त्याला ऐकवत आलो. भाऊ गेला, पण माझ्या तोंडातलं ते वाक्य गेलं नाही.

त्याच्या तुकड्यात आता वहिनी राबतात. कोकम, फणस, काजू, मधल्या जागेत नाचणी, कुळीथ, हळद. विकतचं खत-औषध त्यांनी कधी आणलंच नाही. माझा तुकडा ठेकेदाराकडे आहे. त्यात नुसते काजू, आणि खालचं गवत तणनाशकाने जाळलेलं.

पुतण्याने आईला सांगून टाकलं होतं, की या सरमिसळीचा फायदा आकड्यात दाखव, नाहीतर झाडं तोडून आपलाही तुकडा ठेक्याने देतो. म्हणून वहिनींनी एक संस्था गाठली. ती माणसं मातीने किती कार्बन धरून ठेवलाय ते तपासतात. किडे, पक्षी, गांडुळं किती जातींची आहेत ते मोजतात आणि आकड्यांसकट अहवाल देतात.

वहिनी मुंबईला आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा त्या दुकानात बसलेल्या असताना संस्थेतली मुलगी तिथेच आली. आधी मिरचीने पोटभर शिंकली, मग म्हणाली, "काका, एक अडचण आहे. आम्ही सुधारणा मोजतो. आधी रासायनिक शेती होती, मग बदलली, तर फरक काय पडला? काकूंनी काही बदललंच नाही. म्हणजे फरक शून्य."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे आधी विष मारायचं, मग थांबवायचं आणि तुमच्याकडून शाबासकी घ्यायची? दादरला सेलमध्ये हेच चालतं. आधी भाव चढवायचा, मग सूट द्यायची. पहिल्यापासून रास्त भाव लावणारा मूर्ख!"

"भावजी, हळू," वहिनी म्हणाल्या. "गिराईक पळतला."

पहिला भाव हा शेवटचा कधीच नसतो. मी स्टूल ओढून त्या मुलीसमोर बसलो. बरीच घासाघीस झाल्यावर दुसरा मार्ग निघाला. शेजारच्या जमिनीशी तुलना करता येते. पण दोन्ही तुकडे मुळात सारखे हवेत. तोच उतार, तीच माती. वाटणीआधीची जमीन पाहिलेल्या माणसाने तसं सांगायला हवं, नाहीतर कोणीही म्हणेल, काकूंची जमीन आधीपासूनच चांगली होती.

"शेजारचा तुकडा कोणाचा?" तिने विचारलं.

वहिनी तिरफळं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांचोच."

"मग काका, तुम्हीच सांगा. सारखे होते?"

नाही म्हटलं तर वहिनींचे फणस गेले. हो म्हटलं तर इतकी वर्षं मी कशासाठी भांडत होतो? वाटणीआधी त्या उतारावर आम्ही दोघे भाऊ नाचणीची रोपं लावायचो. ओळ एका टोकाला सुरू व्हायची ती दुसऱ्या टोकाला संपायची. माझ्या बाजूची रोपं खुरटलेली आठवतात का, ते मी मनापासून शोधलं. आठवेनात.

"सारखेच होते," मी जवळजवळ ओरडलोच. "घ्या लिहून!"

वहिनींनी आता वर पाहिलं. "आज बरा आठावला तुमका!"

त्याच भरात मी म्हणालो, की ठेकेदाराला हाकलतो आणि माझाही तुकडा वहिनींना कसायला देतो.

"आत्ता नको, काका," मुलगी घाईने म्हणाली. "मोजणी संपेपर्यंत तुमच्या जमिनीत काही बदलू नका. आहे तशीच लागेल."

"म्हणजे वाईटच ठेवायची?"

"तुलनेची," ती म्हणाली. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

मोजणी अजून चालू आहे. अहवाल येईपर्यंत झाडांना हात लावणार नाही, एवढं पुतण्याने कबूल केलंय. मध्यंतरी ठेकेदाराचा फोन आला. गवत वाढलंय, औषध मारू का? एरवी मी हिशेब करता करता 'मार' म्हणून फोन ठेवायचो. तुलनेसाठी या वेळीही तेच म्हणालो, पण जरा थांबून. तोवर तो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होता.